ओजेएस की डीस्पेस?

फोंडा-म्हापशाकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला आपले संशोधन सर्वांना मोफत वाचायला द्यायचे असेल, तर ओजेएस आणि डीस्पेस ही दोन नावे पुढे येतात. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत (म्हणजे त्यांचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो), कामे मात्र वेगळी.

ओजेएस, म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स, कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे. ते नियतकालिक चालवण्यासाठी आहे. लेख येतो, संपादक तो परीक्षकांकडे धाडतो, शेरे येतात, दुरुस्त्या होतात, अंक निघतो. प्रत्येक पायरीची नोंद राहते. लेखकाचे नाव परीक्षकापासून झाकता येते. गोव्यात सगळेच एकमेकांना ओळखतात, त्यामुळे लेखक शैलीवरूनच कळायचा, ही गोष्ट वेगळी! पण लेख कुणाकडे अडकलाय, यावरून होणारी कुरबुर नक्की थांबते. शिवाय पीएचपी ही संगणकभाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालत असल्याने साधे भाड्याचे होस्टिंगही (संकेतस्थळासाठी सर्व्हरवरची जागा) पुरते.

डीस्पेस अमेरिकेतले एमआयटी विद्यापीठ आणि एचपी ही संगणक कंपनी यांनी २००२ साली आणले. ते डिजिटल कोठार आहे: प्रबंध, जुने अंक, छापून झालेले लेख. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शोधनिबंधांसाठी तेच वापरले. मात्र ते ज्यांवर चालते ती जावा ही संगणकभाषा आणि सोलर (Solr) हे शोध घेणारे सॉफ्टवेअर सांभाळायला जाणकार लागतो. हौशी प्राध्यापकाच्या आवाक्यातले ते नव्हे.

नवा अंक काढायचा असेल तर मी डोळे झाकून ओजेएस घेईन. कपाटात वाळवीच्या तोंडी पडलेल्या प्रबंधांना मात्र डीस्पेसच हवे, आणि तेही चार महाविद्यालयांनी मिळून एकच उभारावे.