शब्दकोडं अडलं की शब्दकोश उघडावा की अक्षरशोध?

पहिलं अक्षर हाती असेल तर मी आजही शब्दकोशच उघडते. पानं चाळताना अर्थही कळतो आणि भलताच एखादा शब्द खिशात पडतो (कोडं राहतं बाजूला!). फक्त 'क्ष' कुठे शोधायचा ते आधी बघून घ्यावं. काही कोशांत तो शेवटी असतो, काहींत 'क'च्या पोटात.

पण तीन घरं आणि शेवटी 'वा', एवढंच माहीत असेल तर? कोश तिथे हात टेकतो. संगणकावरचा अक्षरशोध मात्र गारवा, गोडवा, दुरावा, पुरावा क्षणात समोर मांडतो. मधलं 'रा' जुळलं की उरले दोनच.

त्याची खोड वेगळी. कोड्यात 'पुस्तक' तीन घरांत बसतं: पु, स्त, क. साध्या शोधाला मात्र त्यात सहा चिन्हं दिसतात, कारण उकार आणि हलन्त तो सुटे मोजतो. 'गारवा' पाच चिन्हांचा, 'दुरावा' सहांचा. म्हणून चिन्हांची संख्या ठरवून शोधलं तर नेमका हवा तो शब्द निसटतो. मी लांबी मोकळी सोडते, शेवटचं अक्षर तेवढं देते आणि घरं बोटांवर मोजते.

घड्याळ लावून खेळायचं असेल तर अक्षरशोध. निवांत कोड्याला कोशच.