एलपीवाल्यांनो, रागावू नका, पण सात इंची ईपी एकदा नीट वाजवून बघा

जूनमधल्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून (मंगळवार पेठेतला, बुधवार-रविवार भरतो तो) रेकॉर्डचं अख्खं खोकं उचललं. विकणारे मामा चार हजारावरून हलत नव्हते, मी निघालो होतो, तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि मामांकडे ताडपत्री एकच, ती त्यांनी मिक्सरांवर टाकली, रेकॉर्ड उघड्यावर, मग २८०० ला सौदा ठरला. घरी येऊन मोजल्या तर बरोब्बर ६०. लाखेच्या ७८ वाल्या (मिनिटाला ७८ फेरे) १४, बारा इंची एलपी (लाँग प्ले) ९, सात इंची ईपी (एक्स्टेंडेड प्ले) २६ आणि सुपर सेव्हन (तीही सात इंची, पुढे सांगतो) ११. म्हणजे आपल्याकडे निघालेले जवळजवळ सगळे प्रकार एकाच खोक्यात, एकाच घरातून आलेले, आणि सगळ्यांनी एकच धूळ खाल्लेली. यापेक्षा चांगली टेस्ट काय मिळणार, म्हणून दोन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर लावून ऐकतोय, आणि हा त्या फॉरमॅटचा रिव्ह्यू आहे, गाण्यांचा नाही.

वाजवतोय कशावर ते आधी सांगतो कारण निम्मं भांडण तिथेच असतं. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२० नावाचा टर्नटेबल, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळीला), ३३-४५-७८ तिन्ही स्पीड बटणावर. मला हेच पाहिजे होतं, कारण मित्राकडे बेल्टवाला भारी टर्नटेबल आहे आणि त्याला ४५ लावायची म्हणजे प्लॅटर (फिरती थाळी) उचलून बेल्ट वरच्या खाचेत सरकवायचा, तेवढ्यात गाणं ऐकायची इच्छा मरते. सोबतची हिरवी सुई एलपी-ईपीला, आणि ७८ साठी वेगळी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई, दोन्ही त्याच कार्ट्रिजवर (सुई धरणाऱ्या डबीवर) खट्टकन बसतात. याआधी माझ्याकडे सूटकेससारखा दिसणारा एक प्लेयर होता, कंपनीचं नाव घेत नाही, दिसायला गोड आणि टोनआर्म (सुईचा दांडा) म्हणजे नांगर. दोन चांगल्या एलपी त्याने नांगरल्या तेव्हा कुठे मला अक्कल आली.

आता एलपी. आपल्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर कोणी एलपीचा फोटो टाकला की बदाम बदाम बदाम, आणि ईपी टाकली की "छान" एवढंच. मला मान्य आहे, एलपीचं कव्हर भिंतीवर लावण्यासारखं असतं, आणि शास्त्रीय ऐकायचं असेल तर एलपीला पर्यायच नाही. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात म्हणून तर भीमसेनजींचा विलंबित ख्याल श्वास घेत घेत वाढतो, तो सात इंचात कोंबून दाखवा बघू कोणीतरी. माझ्या नऊतल्या चार शास्त्रीय आहेत, त्या मी मेलो तरी विकणार नाही.

पण बाकीच्या पाच भावगीतं आणि सिनेमाच्या गाण्यांच्या, एका बाजूला सहा-सहा गाणी, आणि तिथे गंमत होते. पहिलं गाणं एकदम मोकळं, दुसरं छान, आणि सहाव्याला आलात की गायिकेचा प्रत्येक ‘स’ फस्स करतो, ‘सांज’ची ‘शांज’ व्हायला लागते. मला आधी वाटलं सुई गेली. नवी लावली तरी तेच. मग बायकोची शिलाईची टेप घेऊन बसलो (ती म्हणाली, "आता रेकॉर्डला ब्लाउज शिवणार का?"). एलपीची सगळ्यात बाहेरची खाच मधल्या भोकापासून साधारण साडेचौदा सेंटिमीटरवर, आणि शेवटच्या गाण्याची सहाच्या आसपास. तबकडी फिरते त्याच वेगाने, मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे, पण आतलं वर्तुळ लहान. म्हणजे बाहेर सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत जेमतेम २१. तेवढाच ‘स’ निम्म्याहून कमी जागेत कोरायचा म्हटल्यावर तो चेंगरणारच ना! लोकल दादरहून निघताना आणि कल्याणला पोचताना एकच माणूस कसा दिसतो, तसं.

आणि आता ईपी, माझी लाडकी. सात इंच, ४५ स्पीड, दोन्ही बाजू मिळून बहुतेक चार गाणी. तेच गणित लावलं तर बाहेर सेकंदाला ४० आणि अगदी आत गेलं तरी २५. सुरुवात एलपीइतकी ऐसपैस नाही, पण शेवट एलपीपेक्षा बरा, आणि मुख्य म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यात तो जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. माझ्या खोक्यात एकाच गाण्याची योगायोगाने जोडी निघाली, एलपीवर बाजूचं शेवटचं आणि ईपीवर पहिलं. चार वेळा आलटून पालटून लावलं. ईपीवर तबल्याच्या शाईवरचं बोट कळतं हो, म्हणजे बोट उचलल्यावर जी पोकळी येते ना, ती. एलपीवर नुसताच ‘धप’. आईला न सांगता दोन्ही ऐकवली, ती म्हणाली दुसरी रेडिओसारखी वाटतेय. दुसरी ईपी होती. तिच्या तोंडून रेडिओसारखी म्हणजे कौतुकच, ज्यांनी आकाशवाणीवर जन्म काढला त्यांना कळेल.

ईपीचे तोटे पण सांगतो, नाहीतर म्हणाल पैसे घेतले. एका बाजूला सहा-सात मिनिटं बसवायची म्हणजे खाचा एकमेकींना चिकटून कोराव्या लागतात, त्यामुळे आवाज दबका भरलेला असतो, तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. दुसरं म्हणजे ईपी ही घरात वाजवायची रेकॉर्ड होती. एलपी बरीच वर्षं दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बसली, ईपी मात्र गणपतीच्या मांडवापासून बारशापर्यंत सगळीकडे फिरलीय, त्यामुळे दहातल्या तीन-चार अगदी खडबडीत मिळतात. २६ पैकी ७ मी टाकून दिल्या. आणि तिसरं, सात मिनिटांनी उठून बाजू पालटायची. गुडघे बरे असतील तर हा तोटा नाही.

सुपर सेव्हनबद्दल मात्र मनापासून चीड आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दिसायला हुबेहूब ईपी, सात इंचच, पण ३३ वर वाजते. सत्तरचं दशक संपता संपता आणि ऐंशीच्या सुरुवातीला आपल्याकडे ढिगाने निघाल्या. मी पहिल्यांदा लावली तेव्हा लेबल न वाचता ४५ वर लावली आणि बाबूजींचा आवाज बालवाडीतला झाला, मुलगा हसून हसून लोळला. बरोबर स्पीडला लावल्यावर मला हसू आलं नाही. बाहेरूनच सेकंदाला २९ सेंटिमीटर, आत १९. म्हणजे एलपीचं जे शेवटचं गाणं आपण नावं ठेवत ऐकतो, त्या अवस्थेतच बिचारी अर्धं आयुष्य काढते. जास्त मिनिटं मिळतात हे खरं, पण एक रुपयाच्या पावात दोन वडे कोंबले की कोण जिंकतं? वडाही नाही आणि पावही नाही. संगीतकाराने कितीही सुंदर व्हायोलिनं भरलेली असू देत, सुपर सेव्हनवर ती पत्र्यावर नखं ओढल्यासारखी येतात. अकरापैकी दोन बऱ्या निघाल्या, त्यावर गाणी कमी होती म्हणून.

७८. इथे मी हळवा आहे त्यामुळे रिव्ह्यू निष्पक्ष नाही. आजोबांकडे चावीचा फोनो होता, मी बघितला तेव्हा कर्णा गेलेला होता आणि पेटीत आजी स्वेटरच्या सुया ठेवायची. ही तबकडी व्हायनलची (प्लॅस्टिकची) नाही, लाखेची, तीच आपली झाडावरच्या किड्याची लाख, आणि ती इथूनच जगभर जायची. हे मला पुस्तकात माहीत होतं पण कळलं कसं ते ऐका. पहिल्याच रात्री अति शहाणपणा करून बुरशी काढायला कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. कापूस काळाकुट्ट. मला वाटलं वा, काय मळ निघतोय! मळ नव्हता, रेकॉर्डच निघत होती. फर्निचरला पॉलिश करणारा लाखदाणा स्पिरिटमध्येच विरघळवतो हे लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं, पण त्या क्षणी डोकं चाललं नाही. एक हिराबाई बडोदेकरांची गेली. म्हणून सांगतो, ७८ ला स्पिरिट, सॅनिटायझर काही काही लावू नका, डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, लेबलवर बोट ठेवून पुसा आणि लगेच कोरडी करा.

आवाजाचं विचाराल तर ७८ ची खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला जवळजवळ मीटरभर सरकते. मीटरभर! म्हणून खरखरीच्या मागून माणसाचा गळा असा येतो की दचकायला होतं, खोलीत कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखा. पण एलपीची सुई लावाल तर ती रुंद खाचेच्या तळाला जाऊन नुसता कचरा वाजवते, जाड सुई पाहिजेच, आणि अॅम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबा, अर्धी खरखर तिथेच जाते. आणखी एक, सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारे आजचे फोनो प्रीअॅम्प १९५४ नंतरच्या आरआयएए कर्व्हला (बास-ट्रेबल किती भरायचं याचा ठरलेला हिशोब) लावलेले, जुन्या ७८ त्याआधीच्या वेगवेगळ्या हिशोबाने भरलेल्या, त्यामुळे ट्रेबल-बास स्वतः कानाने फिरवून घ्यावा लागतो. अडचण वेळेची, दहा इंचात तीन-सव्वातीन मिनिटं. ज्या बालगंधर्वांना नाटकात वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे त्यांना इथे ताना उरकून घ्याव्या लागल्यात, ते ऐकताना जीव कासावीस होतो, पण कमी जागेत काय मांडायचं याचा धडाही तिथेच मिळतो. आणि या ७८ आपल्याकडे इतक्या उशिरापर्यंत निघत राहिल्या की बीटल्सच्यासुद्धा भारतात निघाल्या, परदेशातले कलेक्टर त्यासाठी आजही जीव टाकतात. माझ्या चौदात एकही नाही, विचारू नका.

स्पीडवरून आठवलं, जुन्या काही प्लेयरना १६ चाही खटका असायचा, आमच्याकडच्याला होता, आणि लहानपणी तो आम्ही फक्त माणसांना राक्षस करायला वापरायचो. पुढे कळलं की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली ती १६ आणि दोन तृतीयांश स्पीडची, आणि तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत. ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलेला आपला आवाज त्या बिनकामाच्या खटक्याचा!

नव्याने छापलेल्या १८० ग्रॅमवाल्या एलपींबद्दल एवढंच म्हणेन की जाडीने आवाज येत नाही, मूळ टेप कुठली आणि कोणी कोरली त्याने येतो, आणि ज्यांवर याबद्दल एक अक्षर छापलेलं नसतं त्यांना मी तीन हजार देत नाही. देणाऱ्यांनी द्यावेत. वाकलेली निघायची भीती कमी आणि बुरशी नाही, हे दोन फायदे खरेच आहेत.

घेताना काय बघायचं ते पटकन. ऊन असेल तर उन्हात, नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, सरळ धरलात तर सगळ्याच रेकॉर्ड नव्या दिसतात. भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे असतील तर ती घरात शेकडो वेळा लागलीय. एचएमव्हीच्या एलपीवर नंबर ईसीएलपीने सुरू झाला तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, आणि जुन्या गाण्यांना मला तरी मोनोच बरी वाटते. सात इंची हातात आली की आधी स्पीड वाचा, ३३ दिसलं की खाली ठेवा. आणि ७८ कुरिअरने मागवू नका, प्लीज. ऑनलाइन एकाकडून (नाव नको) दोन मागवल्या, फोटोत कडक, पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि एक बबल रॅप, खोकं उघडलं तर आत सात. पैसे परत मागितले तर म्हणतो, "दादा, रेकॉर्ड ओके होती, रस्ता खराब आहे."

तर खोक्यातल्या १९ ईपी आता रोजच्या कप्प्यात आहेत, चार एलपी वरच्या फळीवर, ७८ उभ्या लावून ठेवल्यात, आडव्या रचल्या की खालची तडकते. सुपर सेव्हनचा गठ्ठा दारापाशी पडलाय, कोणाला पाहिजे असेल तर दहाच्या बदल्यात दोन बऱ्या ईपी द्या आणि घेऊन जा, मी येत्या बुधवारी बाजारातच असेन. अकरावी देत नाही, ती आईने काढून घेतलीय आणि तिला तो पत्र्याचा आवाजच पाहिजे.