डॉक्टर उत्तम, बिलिंग काउंटर देवाच्या भरवशावर (४ स्टार)

खांदा मागच्या बाजूने आतल्या आत ठणकत असेल तर हे वाचाच. मी व्हॉलीबॉलवाला, स्मॅशचा हात उजवा. आठ महिने दुखत होतं, एकाने स्पॉन्डिलायटिस म्हणून मानेला पट्टा दिला, दुसऱ्याने फ्रोझन शोल्डर म्हणून भिंतीवर बोटं चढवायला लावली, अहो पण फ्रोझन असता तर हात वर गेला असता का, माझा पूर्ण वर जायचा, फक्त बाहेरच्या बाजूला फिरवताना जोरच लागायचा नाही.

इथल्या सरांनी आधी शर्ट काढायला लावला आणि पाठीमागून बघितलं. उजव्या फऱ्यावर चक्क खड्डा! इतक्या दिवसांत ना मला दिसला ना बायकोला. सुप्रास्कॅप्युलर नावाची नस असते, ती फऱ्याच्या वरच्या खाचेतून जाते आणि मग वळसा घालून खाली उतरते, वर दबली तर दोन स्नायू सुकतात, खालच्या वळणावर दबली तर एकच, माझा खालचा एकच सुकलेला. एमआरआयमध्ये सिस्ट निघाली, सांध्याच्या वाटीची कड फाटून तिथून पाणी झिरपून फुगा झालेला आणि तोच नसेवर बसलेला. ईएमजीने, म्हणजे स्नायूत सुई घालून नस नीट चालते का बघायच्या तपासणीने, पक्कं झालं. सुया टोचतात हां, कोणी काही म्हणो.

ऑपरेशन दुर्बिणीतून, तीन बारीक भोकं, सिस्ट रिकामी केली आणि कड अँकर (हाडात बसवायची दोरा लावलेली बारीक खुंटी) घालून शिवली. मानेत ब्लॉकचं, म्हणजे हात बधिर करायचं, इंजेक्शन दिल्यामुळे रात्रभर हात शेजाऱ्याचा असल्यासारखा पडून होता, पहाटे ब्लॉक उतरला आणि मग जे दुखलं ते विचारू नका. तो उतरायच्या आधीच गोळी घ्यायची असते हे कोणी सांगितलंच नाही. अँकरचे पैसे पॅकेजच्या बाहेर, हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं, वर टीपीएच्या (विम्याचे क्लेम बघणारी एजन्सी) मंजुरीत चार तास गेले. एक स्टार तिथेच कापला.

आणि भोकं छोटी म्हणजे आठवड्यात कामाला, हे काउंटरवरचं बोलणं मनावर घेऊ नका, मला चार आठवडे स्लिंग होती, शर्टाची बटणं बायको लावायची. ठणका मात्र लवकर गेला, आता रात्री त्या कुशीवर झोपतो. खड्डा पाच महिन्यांनी थोडा भरलाय, नस फार हळू सावरते आणि स्नायू पूर्ण भरेलच असं नाही हे सरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, ते आवडलं. फिजिओ मॅडम कडक आहेत, रबर बँड घरी केला नाही तर लगेच ओळखतात. सर्व्हिस सध्या खालूनच करतो, ग्राउंडवरची पोरं हसतात.