वर्गणी काढून घेतलेलं स्प्लिटिंग मशीन: पैसे कुठे मुरले

चामडं जाडीत चिरून त्याचे दोन थर करणारं बँड नाइफचं स्प्लिटिंग मशीन एकट्या कारागिराला परवडत नाही आणि त्याच्याकडे ते दिवसभर चालतही नाही, म्हणून काही जण मिळून घेतात. यात वावगं काही नाही. आमच्या गटाचे पैसे मात्र ज्या रीतीने गेले, ती रीत कुठेही खपून जाईल इतकी साधी आहे.

पुढाकार घेणाऱ्याने मशीन आधीच पाहून ठेवलं होतं: जुनं, पण 'पूर्ण ओव्हरहॉल केलेलं', कामाची रुंदी ४२० मिमी. सगळ्यांनी हिस्से त्याच्या खात्यात भरले, बिल त्याच्या एकट्याच्या नावावर झालं आणि मशीन त्याच्याच जागेत बसलं. विकणाऱ्याकडून त्याला दलाली होती हे नंतर कळलं. शिवाय गोळा झालेली रक्कम खऱ्या किमतीहून जास्त होती, म्हणजे त्याचा हिस्सा बाकीच्यांनीच भरला.

विश्वास बसला तो व्हिडिओमुळे. त्यात चार बोटं रुंदीची, कडक व्हेज टॅन (झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेल्या) चामड्याची पट्टी मशीनच्या मधोमध घातली होती आणि तिचे दोन स्वच्छ थर निघाले. अशी पट्टी खिळखिळं मशीनही नीट कापतं. खरी परीक्षा पूर्ण रुंदीची आणि मऊ चामड्याची. चांगल्या मशीनवर वरच्या थराच्या जाडीत या कडेपासून त्या कडेपर्यंत ०.१ मिमीच्या आसपास फरक राहतो. इथे ०.४ येत होता. थराची जाडी ठरवणारा वरचा गेज रोलर पात्याला समांतर नसेल तर तो दोष स्क्रूने निघतो. पण पातं ज्या जबड्यांतून सरकतं ते जबडेच झिजले असतील, तर पातं कापताना वरखाली लवतं आणि मग कितीही स्क्रू फिरवा, उपयोग शून्य. ताजा रंग बाहेरून होता, जबड्यांना कुणी हात लावलेला नव्हता.

पात्याचा मामला याहून महाग पडला. बँड नाइफ म्हणजे दोन चाकांवर फिरणारा अखंड पट्टा. चालू असतानाच दगड त्याला धार लावतात, त्यामुळे त्याची रुंदी सतत घटते. धार रोलरपासून ठरलेल्या अंतरावर राहावी म्हणून पातं मागून हळूहळू पुढे सरकवावं लागतं. ही पुढे सरकवायची सोय शेवटाला टेकली असेल तर पातं संपलं असं समजा. आमचं पहिल्याच दिवशी टेकलेलं होतं. विकणारा म्हणाला, पातं आणि दगड हमीत येत नाहीत. तसे ते कुठेच येत नाहीत, म्हणूनच पैसे देण्याआधी पात्याची रुंदी पट्टीने मोजायची आणि त्या मशीनच्या नव्या पात्याशी ताडून पाहायची.

चामडं पात्याकडे ढकलणाऱ्या खालच्या, सुट्या कड्यांच्या रोलरकडेही बघा. कड्यांखालचं रबर चामड्याची कमी-जास्त जाडी सामावून घेतं. म्हणूनच वरचा थर एकसारखा निघतो आणि सगळा फरक खालच्या थरात जातो. रबर कडक झालं की पोटाकडचं सैल चामडं चुरगळतं आणि वरच्या थराला भोक पडतं. तेव्हा चाचणीला स्वतःचं चामडं न्यावं, त्यात पोटाकडचा भाग असावा, आणि २ मिमीचा १ मिमी करून पाच ठिकाणी जाडी मोजायचा गेज लावावा. एकदा मशीन सुरू केल्या केल्या, एकदा अर्ध्या तासाने. मोटर थ्री-फेज निघाली तर जोडणीचा खर्च वेगळा, तोही आधीच विचारावा.

मशीन बसल्यावर दुसरी लूट सुरू झाली. जागामालक, म्हणजे तोच पुढाकार घेणारा, बाहेरची कामं घ्यायचा, पण दगड-पात्याचा खर्च सगळ्यांत समान वाटायचा. तास मोजणारं मीटर बसवलं असतं तर हे महिन्याभरात उघडं पडलं असतं. झीज चालू तासांवर होते, माणसांच्या संख्येवर नाही. खालचा थर 'फाटला, फेकला' असं सांगून ठेवून घेतला जायचा. हे ओळखायला वजनकाटा पुरतो. स्प्लिटिंगमध्ये शेव्हिंगसारखा (चामडं खरवडून पातळ करताना पडतो तसा) भुगा पडत नाही, त्यामुळे दोन्ही थरांचं मिळून वजन मूळ चामड्याइतकंच भरायला हवं. चामडं देताना वजन करून कडेला खूण करावी. खूण दोन्ही बाजूंना करा, कारण वरच्या बाजूची खूण खालच्या थरासोबत येत नाही.

पैसे थेट विकणाऱ्याला द्या, तेही इसार थोडा आणि बाकी चाचणीनंतर. बिलावर सगळ्यांची नावं हवीत. कुणी बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कोण, कोणत्या भावाने घेणार, हे मशीन येण्याआधीच लिहून सह्या घ्याव्यात. मशीन आल्यावर जागामालक सही करत नाही.