लॅबचं पिल्लू, अ‍ॅक्सेसरीजचं बिल आणि माझे ३५,५९० रुपये

लिहायची लाज वाटतेय, कारण मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो. तरी लिहितोय, कारण ते दुकान आजही चालू आहे.

मुलगी दहावी झाली, तिला लॅब्रेडॉर हवा होता. पिंपरीतल्या एका पेट शॉपमध्ये गेलो. २२,००० सांगितले, १८,५०० वर तुटलं, वर केनेल क्लबच्या पेपरचे (पिल्लाच्या वंशावळीचं प्रमाणपत्र) ३,००० वेगळे, पेपर पंधरा दिवसांनी. ते अजून आलेले नाहीत. पिल्लू साठ दिवसांचं, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय, आत्ता घेताय का बोला, हे सगळं नेहमीचंच.

आता जे डोळ्यासमोरून जात नाही ते सांगतो. दुकानदाराने लसीचं कार्ड दिलं त्यात जन्मतारीख काळ्या पेनने लिहिलेली आणि महिन्याच्या आकड्यावर निळ्या पेनने गिरवलेलं. लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, नुसती सही आणि शिक्का, शिक्क्यात डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. मी ते बघितलं, बोट ठेवून विचारलंसुद्धा, तर म्हणाला पोराने चुकून लिहिलं होतं साहेब. आणि बिलावर काय, तर 'पेट अ‍ॅक्सेसरीज – १८,५००'. कुत्र्याचा शब्द नाही! टॅक्स वाचतो म्हणाला आणि मी गप्प बसलो, कारण पोरगी पिल्लू छातीशी धरून उभी होती, ते तिच्या हाताचा अंगठा चोखत होतं. त्या वेळी कुठला बाप कार्ड परत करेल, सांगा मला. पण ऑफिसात असं खाडाखोड केलेलं व्हाउचर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं, हे मला रोज रात्री आठवतं.

शनिवारी आणलं, सोमवारी रात्री उलट्या, मंगळवारी रक्ताचे जुलाब. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा व्हायरस. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, म्हणाले मागच्या दाढा अजून पूर्ण फुटलेल्या नाहीत, हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे दुकानातूनच घेऊन आलं होतं. चार दिवस सलाईन, ११,७४० बिल. शुक्रवारी पहाटे गेलं. खाणं-पिंजऱ्याचे २,३५० धरून एकूण ३५,५९०.

दुकानदार म्हणाला तुमच्या घरात इन्फेक्शन असेल. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र तक्रार) घेतली, म्हणाले कुत्र्यासाठी कशाला, ग्राहक मंचात जा. महापालिकेत सांगितलं शॉप अ‍ॅक्ट आहे त्याच्याकडे, प्राण्यांचं आमच्याकडे येत नाही, पशुसंवर्धनला जा. तिथे तीन हाफ डे टाकून गेलो, एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा अर्ज घेऊन आवकचा शिक्का मारला. ४१ दिवस झाले, साधं उत्तर नाही. अरे २०१८ चे पेट शॉपचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवताच येत नाही, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं, दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, विक्रीची नोंद ठेवायची. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तर खिडकीवरची बाई म्हणाली तुम्हाला एवढं माहितीये तर घेतलं कशाला. आणि १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! पन्नास रुपयांना कोण घाबरणार?

घेणाऱ्यांनो, आधी भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र शोधा, नसेल तर पिल्लाकडे बघूच नका, बघितलं की संपलं. बिलावर जात, वय, किंमत लिहून घ्या. पैसे कॅश देऊ नका, माझ्याकडे यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'लॅब फिमेल कन्फर्म' एवढंच हातात उरलंय. पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरला दात दाखवा, दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच निघा. घरात पार्वो होऊन गेला असेल तर व्हायरस महिनोन्महिने टिकतो, लगेच दुसरं पिल्लू आणू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतं. मला एकाने आठ हजार मागितले, मी आता स्वतःच लिहितोय.

काल त्याच्या स्टेटसला पुन्हा सहा पिल्लं होती, '६० डेज, व्हॅक्सिनेटेड'. मी स्क्रीनशॉट काढून प्रिंट घेतलीय. सोमवारी चौथा हाफ डे टाकून पशुसंवर्धनला जातोय. ज्यांच्याकडे असं गिरवलेल्या तारखेचं, बिनस्टिकरचं कार्ड असेल त्यांनी त्याचा फोटो घेऊन माझ्याबरोबर या.