शाहूपुरीतली समतोल पेटी: रंग झकास, 'के' मात्र जपून

शाहूपुरीतल्या एका सायंटिफिक दुकानात अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी 'रासायनिक समतोल' नावाची पेटी मिळते, साडेसहाशे रुपयांना. आत फेरिक क्लोराइड २५ ग्रॅम, पोटॅशियम थायोसायनेट १० ग्रॅम, कोबाल्ट क्लोराइड ५ ग्रॅम, बारा परीक्षानळ्या, लाकडी स्टँड, २५ मिलीचं मोजपात्र, दोन ड्रॉपर आणि चार पानी मराठी पत्रक. झाकणावर छापलंय, 'समतोल स्थिरांक घरच्या घरी काढा'. समतोल, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू असण्याची स्थिती, सरकताना बघायचा असेल तर पैसे वसूल. स्थिरांकाचा, म्हणजे 'के'चा, आकडा हवा असेल तर पेटी आहे तशी वापरून भागत नाही.

आधी चांगलं. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेट प्रत्येकी ०.१ ग्रॅम घेऊन वेगवेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवा, २०-२० मिली एकत्र करा. लोह (फेरिक) आणि थायोसायनेट जुळून तांबडं संयुग बनतं, तांबडा रस्सा आठवावा असा रंग लगेच येतो. हे चार नळ्यांत वाटून एकीत फेरिकचे थेंब, दुसरीत थायोसायनेटचे थेंब टाकले की दोन्हींत रंग गडद होतो. तिसरी कोमट पाण्यात धरली की फिकी पडते, कारण तांबडं संयुग बनताना उष्णता बाहेर पडते. चौथी तुलनेला तशीच ठेवायची. उलटी दिशा नीट दाखवायला ऑक्झॅलिक आम्ल हवं होतं. ते लोहाला पकडून ठेवतं आणि तांबडा रंग हिरवट-पिवळा होतो. पेटीत ते नाही, सुटं आणावं लागतं.

पाणी नळाचं घेऊ नका. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे लोहाचा भुरकट गाळ येतो आणि मुलांना वाटतं समतोल सरकला. बॅटरीचं पाणी चालतं.

आता पत्रक. तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'थायोसायनेट वाढवल्यास स्थिरांक वाढतो.' हे साफ चूक आहे. रंग वाढतो, 'के' नाही. तांबड्या संयुगाची संहती (द्रावणातलं प्रमाण) भागिले उरलेलं लोह गुणिले उरलेलं थायोसायनेट, हे गुणोत्तर तापमान तेच असेपर्यंत पुन्हा त्याच आकड्यावर येऊन थांबतं. समजा 'के' १३८ आहे आणि थायोसायनेट ०.००१ मोलर (मोलर म्हणजे एका लिटरला किती मोल). लोह ०.०१६ मोलर असताना ६८ टक्के थायोसायनेट तांबड्या संयुगात जातं, लोह ०.०४ केलं की ८४ टक्के. दोन्ही वेळा 'के' १३८च. सीईटीत या वाक्यावर मुलं गुण घालवतात, आणि इथे ते छापून दिलंय.

मोजणीची रीत पत्रकात बरोबर निवडलीय: प्रमाण नळी (जिच्यातल्या तांबड्या संयुगाची संहती माहीत धरलीय ती) आणि दुसरी नळी पांढऱ्या कागदावर उभी धरायची, वरून बघायचं आणि प्रमाण नळीतलं द्रावण ड्रॉपरने काढत रंग जुळवायचा. कलरीमीटर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) नसलेल्या कॉलेजला हीच रीत परवडते. तपशिलात मात्र गडबड आहे.

पत्रक थायोसायनेट ०.०२ ग्रॅम तोलून १०० मिली करायला सांगतं. शाळेचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणजे मोठी चूक तिथेच. त्याऐवजी १.९४ ग्रॅम घेऊन १०० मिली करा (०.२ मोलर), त्यातलं १ मिली पिपेटने घेऊन पुन्हा १०० मिली करा. ०.००२ मोलर तयार.

फेरिक क्लोराइड या कामाला योग्य नाही. क्लोराइड स्वतःच लोहाशी बांधला जातो, शिवाय पावसाळ्यात बाटली दोनदा उघडली की आतला माल ओला गोळा होतो आणि वजनाला अर्थ उरत नाही. फेरिक नायट्रेट सुटं घ्या. ०.२ मोलरसाठी २५ मिलीला २.०२ ग्रॅम, आणि पाण्याऐवजी ०.५ मोलर नायट्रिक आम्लात (१०० मिलीला तीव्र आम्ल साधारण ३ मिली, आधी पाणी, मग आम्ल). आम्ल नसेल तर लोह पाण्याशीच अभिक्रिया करत बसतं. थायोसायनेटवर तीव्र आम्ल थेट ओतायचं नाही, विषारी वायू निघतो.

प्रमाण नळी: ०.२ मोलर लोह ५ मिली, ०.००२ मोलर थायोसायनेट ५ मिली. दुसरी नळी: तेच थायोसायनेट ५ मिली, लोह ०.०३२ मोलर ५ मिली. ०.०३२ मिळवायला ०.२ मधले १० मिली २५ करा (०.०८), त्यातले १० पुन्हा २५ करा.

दोन्हींत द्रावण ८० मिमी उंच आहे आणि प्रमाण नळी ५८ मिमीवर आल्यावर रंग जुळला, असं धरा. ५८ भागिले ८० म्हणजे ०.७२५, त्याला ०.००१ने गुणलं की संयुग ०.०००७२५ मोलर, उरलेलं लोह ०.०१५२७५, उरलेलं थायोसायनेट ०.०००२७५. 'के' १७३ येतो. जुळणी ६० मिमीला वाटली तर १९७, ५६ला वाटली तर १५३. दोन मिलीमीटरवर एवढा फरक पडतो, म्हणून एका नळीवर विसंबू नये, तीन जणांनी वेगवेगळं बघावं.

१७३ हा आकडाही फुगलेला आहे, आणि पत्रक याबद्दल गप्प आहे. प्रमाण नळीत सगळं थायोसायनेट वापरलं गेलं असं ते गृहीत धरतं. 'के' १३८च्या आसपास असेल तर तिथेही ९३ टक्केच जातं. ०.७२५ला ०.९३२ने गुणून पुन्हा मांडलं की 'के' १३६ येतो.

नळ्यांचा व्यास एकसारखा नाही, बाहेरून काही १५ मिमीच्या, काही १८च्या. १० मिली एकीत ७५ मिमी चढतं, दुसरीत ५०. पत्रक मात्र किती मिली काढले ते मोजायला सांगतं. पट्टीने उंची मोजा. बुडं गोल आहेत, सपाट असती तर प्रकाश वाकडा झाला नसता.

कोबाल्टचा गुलाबी-निळा बदल देखणा होतो, पण त्याला लागणारं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पेटीत नाही आणि हातमोजेही नाहीत. कोबाल्टचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, झाकणाच्या बाटलीत साठवून कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.

दुकानदाराकडे फेरिक नायट्रेट १०० ग्रॅमपासून सुटं मिळतं, बिलही नीट देतात. पेटीतलं फेरिक क्लोराइड बदलून मागितलं तर नाही म्हणतात. पाचात तीन तारे. पत्रक दुरुस्त करून नायट्रेट घातलं तर चार.