पेटीवाल्याने घेतलेले जुने अकॉर्डियन : वेंगुर्ल्याच्या हवेतील अकरा महिने

गेल्या दिवाळीनंतर मडगावातील एका कुटुंबाकडून मी 48 बासचे (म्हणजे डाव्या हाताला 48 बटणे असलेले) जुने पियानो अकॉर्डियन 24,000 रुपयांना घेतले. पूर्व जर्मनीतील क्लिंगेनथाल येथे बनलेले हे वाद्य त्या घरचे आजोबा लग्नसमारंभांत वाजवीत असत आणि त्यांच्या पश्चात ते बारा वर्षे कपाटावर पडून होते. वेंगुर्ले बंदरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या माझ्या घरी ते येऊन आता अकरा महिने झाले आहेत. कोकणात असे वाद्य घेऊ पाहणाऱ्याला खरेदीच्या दुसऱ्या दिवशीच्या कौतुकापेक्षा एका पावसाळ्यानंतरचा हिशेब अधिक उपयोगी पडेल, म्हणून लिहायला इतके दिवस थांबलो.

भजनी मंडळात मी बरीच वर्षे पेटीची साथ करतो. चित्रपटसंगीतातील केर्सी लॉर्ड आणि गूडी सिरवाई, तसेच पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचे वादन ऐकून या वाद्याची ओढ लागली होती, आणि अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच, अशी माझी समजूत होती. उजव्या हातापुरती ती आठवडाभरात खरीही ठरली. फसगत झाली ती भात्यापाशी. पेटीला बाहेरच्या भात्याखेरीज आत स्प्रिंगांनी दाबलेला दुसरा भाता असतो. तो हवेचा साठा करतो आणि आपण भाता कसाही मारला तरी सूर बराचसा सारखा ठेवतो. अकॉर्डियनमध्ये असा साठा नाही, त्यामुळे डाव्या दंडाचा प्रत्येक हिसका थेट सुरात उमटतो. शिवाय भाता उघडतानाही सूर वाजतो आणि मिटतानाही, म्हणून दिशा कोठे बदलायची हे गाणारा जसा श्वासाची जागा ठरवतो तसे आधी ठरवावे लागते. पहिला महिनाभर मी एकाच पट्टीवर बोट ठेवून आठ मात्रा उघडणे आणि आठ मात्रा मिटणे एवढेच केले. घरच्यांची सहनशीलता त्या काळात कळली.

डाव्या हाताची बटणे वाजवणाऱ्याला दिसत नाहीत. पांढरी एकच्या (पेटीवाल्यांच्या भाषेत सी स्वराच्या) बटणावर असलेला लहानसा खळगा बोटाने चाचपायचा, तेवढीच खूण. मांडणी मात्र आपल्या कानाला परकी नाही. पांढरी एकच्या वर, म्हणजे हनुवटीच्या बाजूला, पांढरी पाच येते आणि खाली पांढरी चार. थोडक्यात, ‘सा’वर बोट असले की पंचम आणि मध्यम दोन्ही शेजारी सापडतात. प्रत्येक ओळीत सहा बटणे असतात : दोन सुटे खर्ज (एकेकटे खालचे सूर) आणि चार तयार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट). परंतु 48 बासच्या माझ्या वाद्यात अशा आठच ओळी आहेत, काळी दोनपासून पांढरी तीनपर्यंत पंचमापंचमाने चढत गेलेल्या, आणि आमचे बुवा गातात काळी एकमध्ये. त्या पट्टीचा सुटा खर्ज भलत्याच ओळीच्या टोकाला मिळतो, पण तिचे कॉर्ड या वाद्यात नाहीतच. काळी दोनमध्ये गायचे म्हटले तर मध्यमाचे कॉर्ड मिळत नाहीत. घेताना हे मला कोणी सांगितले नाही आणि विचारावे हे मलाही सुचले नाही. भजनासाठीच वाद्य हवे असेल, तर 120 बासचे घ्यावे, कारण त्यात बाराही पट्ट्या येतात. मात्र त्याचे वजन दहा किलोंच्या आसपास असते आणि मांडी घालून बसून ते पेलणे कठीण जाते. माझे वाद्य साडेसहा किलोंचे आहे आणि तेही मला खुर्चीवर बसूनच वाजवता येते.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्याने ध्यानात घ्यावी. माझ्या वाद्यात उजव्या हाताला सुरांचे, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांचे, दोन संच आहेत, दोन्ही नराचे (मधल्या सप्तकाचे), आणि त्यांपैकी एक मुद्दाम किंचित चढा लावलेला आहे. दोन्ही एकत्र वाजले की सूर लहरतो. गोव्याकडच्या गाण्यांना ते शोभते, पण पेटीबरोबर वाजवताना सूर हललेला वाटतो. मंडळात मी कळ फिरवून एकच संच वापरतो.

आता देखभालीकडे वळतो, कारण माझा खरा वेळ तेथेच गेला. पेटीचे सूर पितळेचे असतात. ते हिरवट पडतात, पण गंजत नाहीत. अकॉर्डियनचे सूर पोलादी असतात. प्रत्येक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन सूर बसवलेले असतात, एक भाता उघडतानाचा आणि एक मिटतानाचा, आणि वाजत नसलेल्या सुराची वाट चामड्याची पातळ झडप बंद करते. माझ्या वाद्याला बोटांनी दाबायच्या 26 पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीला दोन संचांतले दोन-दोन सूर, म्हणजे एकट्या उजव्या हाताचेच 104 सूर झाले. सूर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आतल्या लाकडी ठोकळ्यांवर मधमाशांचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने चिकटवलेल्या असतात.

मडगावात मी वाद्य अर्धा तास वाजवून पाहिले, एवढेच. भात्याचे बंद सोडून, एकही पट्टी न दाबता, उजवी बाजू हातात धरून डावी बाजू खाली सोडायला हवी होती. भाता शाबूत असेल तर तो अगदी सावकाश उघडतो. घरी येऊन करून पाहिले तेव्हा माझा भाता चार-पाच सेकंदांत खाली आला. प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांनी वाजवून पाहिली असती, तर तीन सूर एकाच बाजूने बोलतात हेही तेथेच कळले असते आणि किंमत उतरवून घेता आली असती.

कुडाळच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी हे वाद्य पूर्वी कधी उघडले नव्हते, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, हे मला आवडले. भात्याच्या खिळ्या काढताना आम्ही प्रत्येकीला क्रमांक दिला, कारण प्रत्येक खिळी आपल्याच भोकात घट्ट बसते. आत चौदा झडपा वाळून वळल्या होत्या, भात्याच्या दोन कोपऱ्यांचे चामडे फाटले होते, आणि पट्ट्यांखालच्या लोकरी नमद्याला कसर लागली होती. एक सूरपट्टी सैल होऊन घरघरत होती. तिला मी आधी घरीच मेणबत्तीचे मेण लावून पाहिले होते आणि ते चार दिवसांत सुटले. मग मध विकणाऱ्याकडून पोळ्याचे मेण आणले, त्यात थोडी राळ वितळवली, आणि ती पट्टी अजून पक्की आहे. सगळ्या कामाचे 5,500 रुपये झाले.

सुरांना तेल लावू नये, तोंडाने फुंकर मारू नये आणि कानशीला तर हौशी माणसाने हातच लावू नये. सुराचे टोक घासले की तो चढतो, मुळाशी घासले की उतरतो, हे ठाऊक असणे वेगळे आणि तेवढेच घासता येणे वेगळे.

जूनपासून कसोटी लागली. तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक जुलैत माजघरात 88 टक्के दाखवीत होता. वाद्य मी लाकडी कपाटात, त्याच्या पायांवर उभे, बंद लावून ठेवतो. खालच्या खणात सुरुवातीला साठ वॅटचा बल्ब लावला, पण कपाट इतके तापू लागले की मेण मऊ होईल या भीतीने दोन दिवसांत तो काढून झिरोचा बल्ब बसवला. सोबत सिलिका जेलच्या पुरचुंड्या असतात. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करतो, आणि त्यासाठी वेगळा तवा ठेवला आहे, कारण त्यातला रंग पोटात जाण्याजोगा नाही. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका. मी ठेवल्या, तर पुढचे दोन आठवडे भाता मिटताना तो वास थेट माझ्याच तोंडावर येत होता. एवढे करून कपाटात आर्द्रता 60 टक्क्यांपर्यंत उतरली, तरी खांद्याच्या पट्ट्यांवर दोनदा पांढरी बुरशी आलीच; ती कोरड्या फडक्याने पुसून निघाली. धो धो पावसाच्या दिवशी वाजवावे की नाही, याबद्दल माझे मन अजून ठरलेले नाही, कारण भाता उघडला की तीच ओली हवा आत जाते. पण महिना-महिना बंद ठेवले तर भात्याच्या घड्या ताठरतात असे वाटते, म्हणून उघडीप पडली की वीस मिनिटे वाजवीत राहिलो.

गणपतीत आरत्यांना हे वाद्य पहिल्यांदा चारचौघांत वाजवले. तेव्हाच काळी पाचचा सूर भाता मिटताना किंचित उतरलेला जाणवला. उघडताना तो बरोबर आहे, म्हणजे जोडीतला एकच सूर गंजला असावा. डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली की कुडाळला जाऊन तेवढा एक ठोकळा उघडायचा आहे. तोवर काळी पाच आली की भाता उघडता ठेवून वेळ निभावतो.